चुन्याची बादली

मी फक्त बादली धरली होती.
हे आधीच सांगून ठेवतो,
नाहीतर पुढचं ऐकून मुत्सद्दी समजाल मला.

वय सोळा. गाव सोचा नदीच्या अलीकडे;
अलीकडे म्हणजे कुठे, ते अजून ठरायचं होतं.
पॅरिसला सह्या फेब्रुवारीतच झालेल्या.
सह्यांना आमच्या बांधापर्यंत चालत यायला
सप्टेंबर उजाडला.

कॅप्टनच्या मांडीवर नकाशा, नकाशावर तांबडी रेघ.
मोजणीदार ल्युदविक म्हणाला,
"हिची जाडी अर्धा मिलिमीटर.
म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर."
"मग त्या पंचवीस मीटरांत कुठला देश?"
त्यानं पेन्सिलीला टोक काढलं.
बराच वेळ काढत राहिला.

खुंट्या आदल्या दिवशीच ठोकलेल्या.
मी मागून चुना सांडत निघालो,
द्राक्षांच्या ओळींतून, वाळत घातलेल्या मक्यावरून,
म्हाताऱ्या बतिस्तिचच्या गोठ्यातून:
गाय इटलीत, गव्हाण युगोस्लावियात.
बतिस्तिच आधी हसला.
मग आम्ही पुढे गेलो, आणि ते हसू
दोरीवरून काढायचं राहून गेलेल्या सदऱ्यासारखं
तोंडावर तसंच लोंबत राहिलं.

दफनभूमीत रेघ नेमकी पावलिन सुतारावरून.
जन्मभर एकाच घरात राहून
चार राजवटी बघितलेला माणूस.
ही पाचवी, मेल्यावर, तीही अर्धीच.
"डोकं कुठल्या बाजूला?" कॅप्टननं विचारलं.
कोणी बोलेना.
मी ओतला चुना.

आणि मग आमची विहीर.
आठ पावलांनी पलीकडे गेली.
आईनं घागर पालथी घातली, चूल पेटवली नाही.
रात्री मी आणि स्रेच्को उठलो.
बादलीत उरला होता चुना, लागेल तेवढा.
खुंटी उपटली, आठ पावलं मोजली, ठोकली,
जुन्या रेघेवर शेण आणि माती.
पहाटे माझ्या देशात एक विहीर जास्त होती.

विहिरीबरोबर एर्मिनिया फुर्लानच्या
तीन तुतीही आल्या.
मागितल्या नव्हत्या आम्ही.
काटा काढताना थोडं मांस येतं, तशा आल्या.

पुढे काटेरी तार. मनोरा. कुत्री.
रविवारी एर्मिनिया तारेपलीकडे यायची,
तुतींकडे बघत उभी राहायची,
ओरडायची नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
इकडे जून आला की फळं पिकून पडायची,
अंगण जांभळं व्हायचं,
आई म्हणायची, पोरांनो, त्यावर पाय देऊ नका.

साठ वर्षांनी अडसर काढला त्यांनी.
बँड वाजला, भाषणं झाली, बर्फ भुरभुरत होता.
मी बाटली घेतली आणि चालत गेलो,
तीनशे पावलांवर तिचं दार.
इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य
उंबऱ्यातच ओकून टाकलं:
"त्या रात्री खुंटी मी हलवली."

"माहीत आहे," ती म्हणाली.
"तुझा चुना पडायच्या आदल्या रात्री
आमच्या बापानं हलवली होती.
नऊ पावलं, तुमच्याकडे.
तू आठच परत नेलीस, रादो.
एक अजून आमच्याकडे आहे."

मग काठी टेकत अंगणात आली,
बर्फात एक पाऊल मोजलं,
काठीनंच रेघ ओढली, वाकडी,
रेघेपल्याड खुर्ची ठेवली.
"बस. हे तुझं."

बसलो. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता.
ती ग्लास आणायला आत गेली,
आणि आतूनच म्हणाली,
"ती विहीर दुसऱ्याच वर्षी आटली ना?
रहाटाचा आवाज थांबला,
तेव्हा बाप दोन दिवस जेवला नाही."